साडेतीनचे घराणे

एकाच संख्येच्या नावाखाली निरनिराळ्या वस्तू एकत्र बांधण्याची पद्धत भारतीय परंपरेत फार जुनी आहे. महाभूते पाच, ऋषी सात, ग्रह नऊ, ज्योतिर्लिंगे आणि बलुतेदार बारा, तर पुराणे अठरा, अशा याद्या पाठांतराच्या सोयीसाठी जन्मल्या आणि पुढे त्या त्या विषयाची ओळखच त्या संख्येने होऊ लागली. या सर्व संख्या पूर्णांक आहेत आणि ते स्वाभाविकही आहे, कारण माणसे, देवळे किंवा ग्रंथ मोजताना अपूर्णांकाची गरज पडत नाही. मराठीत मात्र या नियमाला एक ठळक अपवाद आहे. देवीची पीठे साडेतीन, वर्षातील शुभ मुहूर्त साडेतीन, अठराव्या शतकातील मुत्सद्दी साडेतीन, माणसाचा देह साडेतीन हात आणि योगशास्त्रातील कुंडलिनीची वेटोळीही साडेतीन. एकमेकांशी वरवर काहीही संबंध नसलेल्या या गोष्टी एकाच अपूर्णांकाच्या छत्राखाली कशा आल्या आणि त्यांतील 'अर्धे' नेमके कोणते काम करते, याचा शोध या प्रकरणात घ्यायचा आहे.

संख्येची घडण

मराठीत 'साडे' हा शब्द एक आणि दोन या संख्यांना लागत नाही. तेथे दीड आणि अडीच हे स्वतंत्र शब्द आहेत आणि 'साडे'ची सुरुवात तीनपासून होते. दीड, अडीच यांच्या जातीचा एक स्वतंत्र शब्द साडेतीनसाठीही मराठीत होता, तो म्हणजे 'औट'. त्याचे मूळ संस्कृतातील 'अर्धचतुर्थ' या शब्दात असून प्राकृतातील 'अद्धुट्ठ' या रूपातून तो मराठीत आला. तीन पूर्ण झाले आहेत आणि चौथे अर्धे आहे, अशी ही मोजणी आहे. अडीच हा शब्दही 'अर्धतृतीय' यापासून याच रीतीने घडला असून अशोकाच्या लघुशिलालेखांत अडीच वर्षांच्या काळाचा उल्लेख याच रचनेच्या प्राकृत शब्दाने केलेला आढळतो. त्यावरून अपूर्णांक मोजण्याची ही पद्धत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातही रुळलेली होती, हे स्पष्ट होते.

जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी यांच्या जोडीने 'औटकी'ही पाठ करून घेतली जात असे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. त्यात दोनला सात, चारला चौदा आणि दहाला पस्तीस येतात. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण असलेल्या व्यवहारात असे पाढे रोज उपयोगी पडत. दशमान पद्धती रूढ झाल्यावर औटकी मागे पडली, तरी औट हा शब्द 'औट घटकेचे राज्य' या वाक्प्रचारात टिकून राहिला. घटका म्हणजे दिवसरात्रीचा साठावा भाग, अर्थात 24 मिनिटे. त्या हिशेबाने औट घटका म्हणजे 84 मिनिटे होतात आणि एवढ्याच काळापुरती हाती आलेली सत्ता म्हणजे औट घटकेचे राज्य.

देहाचे माप

साडेतीनच्या घराण्यातील सर्वांत जुनी आणि पक्क्या पायावर उभी असलेली शाखा मोजमापाची आहे. प्राचीन भारतीय मापनात अंगुल, म्हणजे बोटाची रुंदी, हे मूळ माप होते आणि 24 अंगुलांचा एक हस्त, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात, मानला जात असे. चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग्याची परीक्षा कशी करावी हे सांगताना शरीराच्या निरनिराळ्या अवयवांची मापे ज्याच्या त्याच्या बोटांनी मोजावीत असे म्हटले असून संपूर्ण शरीराची उंची 84 अंगुले दिली आहे. 84 ला 24 ने भागले की उत्तर बरोबर साडेतीन येते. देहाला 'साडेतीन हात' किंवा 'औट हात' म्हणण्याची जी रीत संतवाङ्मयात आणि कीर्तनकारांच्या बोलण्यात दिसते, तिच्या मागे हे माप आहे.

हेच माप वैद्यकाच्या बाहेरही वापरात होते. कौटिलीय अर्थशास्त्रात लांबीच्या मापांची यादी देताना 84 अंगुलांच्या मापाला 'व्याम' म्हटले असून दोर मोजण्यासाठी आणि खोदकामाची खोली 'पुरुषा'त सांगण्यासाठी ते वापरावे असे नमूद केले आहे. खंदक किती पुरुष खोल हवा हे ठरवताना एक पुरुष म्हणजे साडेतीन हात धरले जात, असा याचा अर्थ होतो. सुश्रुतसंहितेत याहून वेगळे, 120 अंगुलांचे म्हणजे पाच हातांचे माप येते. टीकाकार मात्र ते हात उंच करून चवड्यांवर उभ्या राहिलेल्या माणसाचे माप मानतात, त्यामुळे दोन ग्रंथांत विरोध उरत नाही. ग्रीक-रोमन परंपरेत, उदाहरणार्थ विट्रूव्हियस या रोमन वास्तुविशारदाच्या ग्रंथात, माणसाची उंची चार हात धरली आहे. प्रत्यक्ष मोजमाप घेतले तर बहुतेकांची उंची त्यांच्या स्वतःच्या साडेतीन ते चार हातांच्या दरम्यान भरते. दोन्ही परंपरांनी एकाच वस्तुस्थितीच्या दोन कडा पकडल्या, एवढाच याचा अर्थ.

देह साडेतीन हातांचा ठरल्यावर देहातील आणि देहाशी जोडलेल्या इतर मोजण्याही याच संख्येच्या पटीत मांडल्या जाऊ लागल्या. शिवसंहितेत मानवी देहातील नाड्यांची संख्या साडेतीन लाख सांगितली आहे, धर्मशास्त्रात आणि पुराणांत अंगावरील रोमांची संख्या साडेतीन कोटी येते आणि तीर्थांची संख्याही तितकीच, म्हणजे साडेतीन कोटी सांगितली जाते. मानवी त्वचेवरील केशमुळांची संख्या आधुनिक शरीरशास्त्राच्या अंदाजानुसार सुमारे 50 लाख आहे. तेव्हा साडेतीन कोटी ही मोजून काढलेली संख्या नव्हे. रोम आणि तीर्थे यांना एकच आकडा देऊन देह आणि विश्व एकाच मापाने घडले आहेत, हा विचार तेथे मांडलेला आहे. मूलाधार चक्राशी सर्पिणीप्रमाणे निजलेल्या कुंडलिनी शक्तीची वेटोळी हठयोगाचे ग्रंथ साडेतीनच सांगतात आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील तिच्या वर्णनातही 'औट' हाच शब्द येतो.

उच्चाराच्या पलीकडची अर्धी मात्रा

घराण्याची दुसरी शाखा ध्वनीच्या शास्त्रातून निघते. संस्कृत व्याकरणात उच्चाराला लागणारा वेळ 'मात्रा' या एककाने मोजतात. ऱ्हस्व स्वराची एक मात्रा, दीर्घाची दोन, लांबवलेल्या प्लुत स्वराची तीन आणि स्वराविना उभ्या असलेल्या व्यंजनाची अर्धी, असा तो हिशेब आहे. ओंकाराचे अकार, उकार आणि मकार असे तीन भाग उपनिषदांनी पाडले आणि त्यांचा संबंध जागृती, स्वप्न व सुषुप्ती या तीन अवस्थांशी लावला. मांडूक्य उपनिषदाने या तिन्हींच्या पलीकडे, मात्रा नसलेले असे चौथे पद मानले. पुढील काळातील योगपर उपनिषदांनी तेथे 'अर्धमात्रा' कल्पिली आणि ओंकार साडेतीन मात्रांचा झाला. मकार उच्चारून ओठ मिटल्यावर जो अनुनाद काही क्षण रेंगाळतो, त्याला हे नाव आहे.

येथे अर्ध्याचा अर्थ पालटतो. मापनात अर्धे म्हणजे पूर्णापेक्षा कमी. ओंकारात मात्र जे पूर्ण उच्चारता येते ते तीन, आणि जे उच्चाराच्या कक्षेत मावत नाही ते अर्धे, त्यामुळे संख्येने लहान असलेला हाच भाग महत्त्वाने मोठा ठरतो. दुर्गासप्तशतीच्या पहिल्या अध्यायात ब्रह्मदेवाने केलेल्या स्तुतीत देवीला अर्धमात्रेच्या ठिकाणी वसणारी आणि उच्चारता न येणारी असे संबोधले आहे. देवीची उपासना आणि अर्धी मात्रा यांची गाठ अशी एका प्रमुख पाठग्रंथातच घातलेली असल्याने महाराष्ट्रातील देवीपीठांच्या बाबतीत तिचा उपयोग होणे स्वाभाविक होते.

तीन पीठे आणि एक

शक्तिपीठांच्या अखिल भारतीय याद्यांत साधारणपणे 51 किंवा 108 स्थाने असतात. महाराष्ट्रात सर्वतोमुखी असलेली यादी मात्र कोल्हापूरची महालक्ष्मी अर्थात अंबाबाई, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका आणि वणीची सप्तशृंगी एवढ्याच चौघींची असून तिला 'साडेतीन शक्तिपीठे' म्हणतात. अर्धे पीठ सप्तशृंगीचे मानले जाते.

या चारही स्थानांचे स्वरूप परस्परांहून वेगळे आहे. कोल्हापूरची मूर्ती चतुर्भुज आहे आणि तिच्या हातांत म्हाळुंग, गदा, ढाल व पानपात्र आहे. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत मावळत्या सूर्याची किरणे गाभाऱ्यात शिरतात आणि एका दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी त्याहून वर अशी चढत चेहऱ्यापर्यंत पोचतात, तो येथील किरणोत्सव. तुळजापूरची अष्टभुजा महिषासुरमर्दिनी ही चल मूर्ती आहे, म्हणजे ती बैठकीत कायमची बसवलेली नाही, आणि वर्षातून तीन वेळा तिला सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवण्याचा विधी होतो. माहूरला पूर्णाकृती मूर्ती नसून शेंदूर लावलेला देवीचा मुखवटा आहे. सप्तशृंगीची मूर्ती कळवण तालुक्यातील गडावर कड्याच्या दगडातच कोरलेली असून ती सुमारे आठ फूट उंच आणि अठरा हातांची आहे. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या साचलेला शेंदराचा जाड थर 2022 मध्ये उतरवल्यावर मूळ कोरीव रूप दिसू लागले. आकाराने यांतील सर्वांत भव्य असलेल्या मूर्तीच्या वाट्याला 'अर्धे' हे विशेषण यावे, यावरूनच या अर्ध्याचा संबंध आकाराशी किंवा सामर्थ्याशी नाही हे लक्षात येते.

या यादीचा एक जुना धागा देवीभागवताच्या सातव्या स्कंधातील 'देवीगीता' या भागात सापडतो. तेथे देवी आपली स्थाने सांगताना आरंभी कोल्हापूरला लक्ष्मीचे महास्थान म्हणते, रेणुकेचे मातापुर, म्हणजे माहूर, हे दुसरे आणि तुळजापूर हे तिसरे असे क्रमांक देते आणि त्यानंतर सप्तशृंगाचा उल्लेख मात्र क्रमांकाविना, 'तसेच' एवढ्या जोडशब्दाने करते. पुढे हिंगुळा, ज्वालामुखी अशी इतर प्रांतांतील स्थाने येतात. या यादीत साडेतीन ही संख्या नाही आणि अर्ध्या पीठाची कल्पनाही नाही. महाराष्ट्रातील चार स्थाने अगदी आरंभी, एकापाठोपाठ येतात आणि त्यांतील तिघांनाच गणनेत पक्की जागा मिळते, एवढेच तेथे दिसते. तीन अधिक एक असा गट ज्या समाजापुढे होता, त्याच्याजवळ ओंकाराच्या तीन मात्रा अधिक एका अर्धमात्रेचा साचा तयार होता. दोन्हींची सांगड घातली गेली आणि सप्तशृंगी ही ओंकाराची अर्धी मात्रा ठरली. म्हणूनच गडावरील परंपरा या अर्धेपणाकडे उणेपणा म्हणून पाहत नाही, तर आदिमायेचे मूळ रूप म्हणून त्याचा अभिमान बाळगते.

आधुनिक काळातही ही यादी एकसंध राहिली आहे. 26 जानेवारी 2023 रोजी दिल्लीतील कर्तव्यपथावरील संचलनात महाराष्ट्राच्या चित्ररथाचा विषय साडेतीन शक्तिपीठे आणि नारीशक्ती हा होता आणि त्याला दुसरा क्रमांक मिळाला. याउलट वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत आखलेल्या आणि शेतकऱ्यांच्या विरोधामुळे गाजलेल्या शक्तिपीठ महामार्गाने माहूर, तुळजापूर व कोल्हापूर ही तीन पीठे जोडण्याचे योजले, तर उत्तरेकडील सप्तशृंगी त्या मार्गाबाहेर राहिली.

मुहूर्त: अर्धा कोणता?

कोणताही मुहूर्त न पाहता ज्या दिवशी शुभकार्याला आरंभ करता येतो, अशा स्वयंसिद्ध दिवसांची संख्याही साडेतीन आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदा म्हणजे गुढीपाडवा, वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया, आश्विन शुद्ध दशमी म्हणजे दसरा आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदा म्हणजे दिवाळीचा पाडवा अर्थात बलिप्रतिपदा, असे हे चार दिवस. सोने, वाहन किंवा घर घेण्यासाठी आजही बाजार या दिवसांची वाट पाहतो. बलिप्रतिपदा अर्धी मानण्याचा प्रघात सर्वाधिक असला, तरी अक्षय्य तृतीयेला अर्धा मुहूर्त म्हणणाऱ्या याद्याही प्रचलित आहेत.

या चार तिथींत दोन प्रतिपदा आहेत आणि त्या दोन्ही वर्षारंभाच्या आहेत, ही बाब सूचक आहे. महाराष्ट्रात चालणाऱ्या शालिवाहन शकाचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते, तर गुजरातेत चालणारे विक्रम संवताचे वर्ष बलिप्रतिपदेला. मराठी व्यापारी वर्गातही दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन होते, पण पंचांगातील वर्ष त्या दिवशी पालटत नाही. आपल्या कालगणनेचा पाडवा पूर्ण आणि शेजारच्या कालगणनेचा पाडवा अर्धा, असा विचार या विभागणीमागे असावा असे मानण्यास जागा आहे, मात्र तो तर्क आहे, ग्रंथाधार नव्हे. मुहूर्तांच्या बाबतीत अर्ध्या मात्रेसारखे तात्त्विक स्पष्टीकरण रूढ नसल्यामुळेच अर्धा कोणता याविषयी याद्यांत फरक पडू शकला.

शहाणे: लेखणी आणि तलवार

धर्म आणि पंचांग यांच्या बाहेर, थेट राजकारणात, ही संख्या अठराव्या शतकात वापरली गेली. पेशव्यांकडील सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडील देवाजीपंत चोरघडे आणि निजामाकडील विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे व नाना फडणीस हा अर्धा शहाणा, अशी ही प्रसिद्ध यादी आहे. हे चौघे एका दरबारातील सहकारी नव्हते. त्यांतील तिघे तीन परस्परविरोधी सत्तांचे कारभारी होते आणि 1763 च्या मोहिमेत ते प्रत्यक्ष एकमेकांसमोर उभे ठाकले.

पानिपतानंतर पेशव्यांची सत्ता खिळखिळी झाल्याचे पाहून निजाम अलीने, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर याच्या सल्ल्याने, नागपूरच्या जानोजी भोसल्याला आपल्या बाजूला वळवले आणि या फौजांनी पुणे लुटले. पेशव्यांच्या बाजूने लढाई दोन आघाड्यांवर चालली. एकीकडे फौज निजामाच्या मुलखात घुसली आणि दुसरीकडे जानोजीला मुलखाचे आश्वासन देऊन फोडण्यात आले. या बोलण्यांत सखारामबापू आणि देवाजीपंत या दोन कारभाऱ्यांचे महत्त्व उघड आहे. 10 ऑगस्ट 1763 रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे निजामाच्या सैन्याचा काही भाग नदी उतरून गेला असताना मागे राहिलेल्या भागावर मराठ्यांनी हल्ला केला आणि त्या लढाईत विठ्ठल सुंदर मारला गेला. तीन शहाण्यांतील एकाचा शेवट असा उरलेल्या दोघांच्या बाजूकडून झाला.

नाना फडणिसाला अर्धा का म्हणत, याचे सर्वमान्य उत्तर असे की बाकीचे तिघे लेखणीबरोबर तलवारही चालवणारे होते, तर नानाची बुद्धी केवळ लेखणीची होती. 1761 मध्ये, वयाच्या विशीच्या आत, तो पानिपतावर होता आणि तेथून निसटून परत आला. त्या प्रसंगाची हकीकत त्याने स्वतः लिहिलेल्या त्रोटक आत्मवृत्तात आहे. रणांगणावरचे नेतृत्व मात्र त्याने केले नाही. याला आणखी एक बाजू जोडता येते. राक्षसभुवनच्या वेळी नाना एकवीस वर्षांचा होता आणि इतर तिघे नावाजलेले होते, त्यामुळे वयानेही तो त्या पंक्तीत नुकता येऊ पाहणारा होता. पुढचा इतिहास पाहता मात्र हा अर्धाच सर्वांत लांबचा पल्ला गाठणारा ठरला. 1774 च्या बारभाई कारस्थानात सखारामबापू आणि नाना एकत्र होते, पण 1779 मध्ये बापूंना कैद झाली आणि 1781 मध्ये कैदेतच त्यांचा अंत झाला. नाना त्यानंतरही, काही खंड वगळता, 13 मार्च 1800 रोजी मृत्यू येईपर्यंत मराठी राज्याच्या कारभाराचा कणा राहिला.

साचा आणि त्यात बसणारे

एखादी संख्या प्रतिष्ठा पावली की नव्या याद्या तिच्या मापाने बेतल्या जातात. गणपतीची साडेतीन पीठे सांगताना मोरगाव, चिंचवड आणि जालना जिल्ह्यातील राजूर ही पूर्ण, तर जळगाव जिल्ह्यातील पद्मालय हे अर्धे मानले जाते. शनीच्याही साडेतीन पीठांची परंपरा सांगितली जाते आणि तीत नांदगाव तालुक्यातील नस्तनपूर व बीड जिल्ह्यातील राक्षसभुवन ही नावे येतात. ज्या राक्षसभुवनी साडेतीन शहाण्यांपैकी एक कामास आला, तेच गाव अशा रीतीने साडेतीनच्या दुसऱ्या एका यादीतही दाखल झाले आहे. या याद्यांचा प्रसार देवीपीठांच्या यादीइतका व्यापक नाही आणि त्यांची रचना त्याच नमुन्यावर झालेली दिसते.

मापे सोडली तर या सर्व याद्यांत मूळ वस्तू चार आहेत, साडेतीन नव्हेत. देवीची स्थाने चार, तिथी चार, मुत्सद्दी चार. 'चार' म्हटले असते तर सर्व समान पातळीवर आले असते आणि 'तीन' म्हटले असते तर एकाला वगळावे लागले असते. साडेतीन या मोजणीने चौथ्याला यादीत घेता येते आणि त्याचे वेगळेपणही नोंदवता येते. ते वेगळेपण कोठे उणेपणाचे असते, जसे तलवार न धरणाऱ्या मुत्सद्द्याचे, तर कोठे श्रेष्ठत्वाचे, जसे उच्चारात न मावणाऱ्या मात्रेचे. मुहूर्तांच्या याद्यांत अर्ध्याची जागा बदलते, शहाण्यांच्या यादीत अर्धेपणाचे कारण चर्चिले जाते, सप्तशृंगीच्या बाबतीत त्याचा अर्थ उलटा लावला जातो. मात्र एकूण संख्येविषयी कोणीही वाद घालत नाही. यादीतील घटकांपेक्षा संख्याच अधिक स्थिर असते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधण्याचे कारण नाही.